मागाहून आलेले श्रोते

एखाद्या ग्रंथकाराचें एक पुस्तक मनास भावलें, कीं त्याचीं बाकीचीं सारीं पुस्तकें मिळवून वाचून काढण्याची जी हांव मनुष्यास सुटते, तिला आमच्या भाषेंत अद्याप नांव नाहीं. ती नुसती जिज्ञासा नव्हे. तींत थोडी खादाडी असते, थोडी कृतज्ञता असते, आणि 'इतके दिवस हें आपणांस कोणींच कसें सांगितलें नाहीं?' अशी थोडी तक्रारहि असते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ज्यांच्या हातीं बांधलेल्या पुस्तकाच्या रूपानें पडली, त्यांनीं ती दोन रात्रींत संपविली असेल. पण तीच कादंबरी 'करमणूक' पत्रांतून क्रमाक्रमानें येत होती, तेव्हां यमूचें पुढें काय होणार या चिंतेंत वाचकांस अंकाची वाट पाहात बसावें लागे. दोघांनींहि वाचली ती कादंबरी एकच. पण दोघांचें वाचन एकच होतें असें म्हणतां येईल काय? हा प्रश्न गेलीं कांहीं वर्षें आमच्या मनांत घोळत आहे. आणि तो घोळविणारी वस्तु कादंबरी नसून एक अमेरिकन बँड आहे, हें सांगतांना आम्हांस किंचित् संकोच वाटतो.

संकोचाचें कारण उघड आहे. 'बँड' हा शब्द कानीं पडतांच वाचकांच्या डोळ्यांपुढें वरात उभी राहील. सोनेरी पट्ट्यांचे तांबडे डगले, फुगलेले गाल, आणि नवरदेवाच्या घोड्यास बुजविणारा तो मोठा ढोल! हें चित्र वाचकांनीं क्षणभर बाजूस सारावें अशी आमची विनंति आहे. आम्ही म्हणतों तो बँड प्रथम तीन माणसांचा होता आणि शेवटीं दोघांचाच उरला. तींहि दोघें नवराबायको. नांव 'लो', म्हणजे खालचा, हळू. अमेरिकेंत मिनेसोटा नांवाच्या थंडीच्या प्रांतांत सुपीरिअर नामक समुद्रासारख्या अफाट सरोवराच्या पश्चिम टोंकास डुलुथ हें गांव आहे. तेथें १९९३ सालीं अॅलन स्पारहॉक व मिमि पार्कर यांनीं हा बँड काढला. दोघांची ओळख शाळेंतल्या लहानपणापासूनची. तो गिटार वाजवी व गाई. ती ढोल वाजवी व गाई. तिसरा मंद्र सुरांची बेस गिटार वाजविणारा; या तिसऱ्या जागेवरचीं माणसें मात्र अधूनमधून बदलत गेलीं.

आम्हांस या बँडचा शोध लागला तो २०२३ सालच्या श्रावणांत. आमचा एक भाचा चार दिवस राहावयास आला होता. ही हल्लींची मुलें सारें संगीतभांडार फोनच्या डबींत घेऊन हिंडतात. महिन्याची वर्गणी भरली, कीं जगांतलें बहुतेक गाणें त्यांच्या अंगठ्याखालीं असतें. बाहेर पाऊस, आंत कांद्याचीं भजीं, आणि मध्येंच तो म्हणाला, "मामा, हें जरा ऐकून पाहा. तुम्हांला आवडायचें नाहीं." असें म्हटल्यावर आवडून घेणें आम्हांस भागच होतें! त्यानें लावली ती 'हे व्हॉट' या २०२१ सालच्या संग्रहांतलीं गाणीं. आधीं कांहीं वेळ गिरणीचा पट्टा तुटल्यासारखा, वाऱ्यानें पत्रे उडाल्यासारखा एक आवाज येत राहिला. ही गिटार आहे असें भाच्यानें सांगितलें नसतें, तर आम्ही उठून गच्चीवरचे पत्रे पाहून आलों असतों. पण त्या कल्लोळांतून दोन गळे वर आले. एक पुरुषाचा, एक स्त्रीचा. अगदीं स्वच्छ, संथ, कोणतीहि घाई नसलेले. वादळांत देवघरांतला नंदादीप जसा शांत जळत राहावा तसे ते वाटले.

आमच्या सौभाग्यवती गेलीं वीस वर्षें भजनी मंडळांत गात आहेत. त्या कढईपाशींच थबकल्या व म्हणाल्या, "अहो, हीं दोघें एका सुरांत गात नाहींत. शेजारशेजारच्या सुरांत गाताहेत. पण कोणी कोणाला ओलांडीत नाहीं, पाहिलंत का?" पाश्चात्य संगीतांतील स्वरमेळाचीं पांडित्यपूर्ण विवरणें आम्हीं पूर्वीं वाचलेलीं आहेत, पण त्याचें मर्म इतक्या थोड्या शब्दांत आम्हांस कोणीं सांगितलें नव्हतें.

"हीं दोघें कधीं इकडे येतील का रे?" आम्हीं भाच्यास विचारलें. तो कांहीं वेळ गप्प राहिला. ५ नोव्हेंबर २०२२ रोजीं मिमि पार्कर कर्करोगानें वारली होती. वय पंचावन्न. ज्या गळ्यावर आम्ही त्या संध्याकाळीं लुब्ध झालों होतों, तो बंद पडून नऊ महिने झाले होते.

येथें या मंडळींच्या धंद्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. असल्या संगीतास तिकडे 'इंडी' म्हणतात. मोठमोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांची मिंधी नसलेली, लहान स्वतंत्र कंपन्यांच्या आश्रयानें चालणारी मंडळी, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. मौज अशी कीं 'लो'चे पहिले तीन संग्रह व्हर्जिन या बड्या कंपनीच्या एका पोटशाखेनेंच काढले. पुढें ते शिकागोच्या 'क्रँकी'कडे व त्यानंतर सिॲटलच्या 'सब पॉप'कडे गेले. म्हणजे आमच्याकडील एखाद्या ग्रंथकारानें मोठा प्रकाशक सोडून ओळखीच्या छापखान्याकडे जावें, तसा हा प्रकार. सत्तावीस वर्षांत त्यांनीं मोठे असे तेरा संग्रह केले. (जुन्या संवयीनें यांस आम्ही तबकडीच म्हणणार, वाचकांनीं चालवून घ्यावें.)

तेरा तबकड्या! भाच्याच्या पद्धतीनें त्या दोन दिवसांत ऐकून संपल्या असत्या. परंतु जें काम करण्यास दोन माणसांचीं सत्तावीस वर्षें लागलीं, तें दोन दिवसांत गिळून मोकळें होणें आम्हांस शोभेसें वाटेना. शेवटीं घरांत असा ठराव झाला कीं, महिन्यास एक तबकडी ऐकावयाची, महिनाभर तीच ऐकावयाची, आणि क्रम उलटा ठेवावयाचा. शेवटची हातीं आलीच आहे, तेव्हां तिच्यापासून मागें मागें जात पहिलीपर्यंत पोंचावयाचें. हा उलटा क्रम आम्हीं सोयीसाठीं धरला होता. त्याचा खरा अर्थ पुढें कळला. आम्ही मागें जात होतों, म्हणून दर महिन्यास मिमि पार्कर वर्षा-दोन वर्षांनीं तरुण होत होती. आणि तिचा मृत्यु तिच्यापासून दूर दूर जात होता.

दुसऱ्या महिन्यांत २०१८ ची 'डबल निगेटिव्ह' आली. ही ऐकतांना तबकडीच बिघडली असावी असा भास होतो. वाद्यें तर मोडून टाकलेलीं आहेतच; पण येथें गळेहि फाटलेले, पाण्याखालून आल्यासारखे, मध्येंच गिळले जाणारे. बी. जे. बर्टन नांवाच्या ध्वनितंत्रज्ञास हाताशीं धरून त्यांनीं हें मुद्दाम केलेलें आहे. लोकप्रिय मंडळी पन्नाशीच्या सुमारास आपल्या जुन्या यशाच्या पुंजीवर निवांत जगूं लागतात. हीं दोघें त्याच वयांत आपलें घर पाडून त्याच्या विटा मोजीत बसलीं होतीं! २०१३ सालच्या 'द इन्व्हिजिबल वे'मध्यें आलों तों सगळें शांत. पियानो, साधी गिटार, आणि अकरांपैकीं पांच गाणीं मिमिचीं. एरव्हीं तबकडींत एखाददुसरें गाणें ती पुढें होऊन गाई व उरलेल्यांत साथ करी. त्या महिन्यांत आमच्या घरीं पुरुषाच्या गाण्याची बाजू घेणारा कोणी उरला नाहीं.

फेब्रुवारींत २००५ ची 'द ग्रेट डिस्ट्रॉयर' लागली. हळू गाणारी मंडळी येथें एकाएकीं मोठ्यानें वाजवूं लागलेलीं आहेत. त्या काळच्या जुन्या चाहत्यांस त्यामुळें केवढा धक्का बसला असेल! बाराएक वर्षें ज्यांच्या घरीं आपण पाय न वाजवितां जात होतों, त्यांनींच एके दिवशीं दार धाडकन् उघडावें, तसें त्यांस झालें असेल. आम्हांस मात्र कांहींच वाटलें नाहीं; कारण आम्ही आलों होतों तेच मुळीं त्याहून मोठ्या गदारोळांतून. त्यांचा धक्का तो आमचा विसावा ठरला. 'लेड झेपेलिन' या जगप्रसिद्ध बँडचा गायक रॉबर्ट प्लँट यानें २०१० सालीं आपल्या संग्रहांत 'लो'चीं दोन गाणीं गाइलीं, तीं याच तबकडींतलीं. एवढा मोठा गवई या लहान गांवच्या मंडळींच्या दारीं चिजा मागावयास गेला, हें ऐकून आम्हांस उगीचच आपल्याच घरचा गौरव झाल्यासारखें वाटलें.

एप्रिलांत २००१ ची 'थिंग्ज वुई लॉस्ट इन द फायर' आली. ती निघण्यापूर्वीं थोड्याच दिवसांमागें या जोडप्यास मुलगी झाली होती. त्या तबकडीचें शेवटचें गाणें मिमि गाते. तान्ह्या मुलांचे पहिले जोडे धातूनें मढवून आठवण म्हणून ठेवावयाचे, अशी तिकडे एक चाल आहे. त्या चालीवरून आईच्या मनांतली, मूल मोठें होऊं नये अशी वेडी इच्छा त्या गाण्यांत आली आहे. भाच्यानें फोनवरून अर्थ समजावून दिला. सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. आंत गेल्या, कपाट उघडलें, आणि एक लहानशी डबी आणून त्यांनीं आमच्यापुढें ठेवली. डबींत आमच्या थोरल्या मुलीचे चांदीचे वाळे होते. ही मुलगी सहा वर्षांपासून परदेशीं आहे. रविवारीं फोनवर दिसते आणि 'आई, तूं वाळलीस' असें म्हणते. वाळे हातांत घेतले तर दोन बोटेंहि त्यांत धड जात नाहींत. एवढा पाय कधीं काळीं या घरांत दुडदुडत होता, हें त्या धातूवांचून आतां कोण सांगणार?

त्या संध्याकाळीं आमच्या मनांत प्रथम आलें, कीं तबकडी म्हणजे तरी दुसरें काय? गळा मढवून ठेवलेले हे वाळेच कीं! मूल वाढतें, वाळे वाढत नाहींत. गळा थकतो, बसतो, एके दिवशीं बंद पडतो. मढविलेला सूर होता तेवढाच राहातो. बाळाला मोठें होऊं देऊं नये म्हणून गाणारी ती आई त्या गाण्यांत चौतिशीच्या आंत-बाहेरच राहिली. आणि ती राहिली म्हणून आम्ही, बावीस-तेवीस वर्षांनीं, हजारों कोसांवरून तिच्या दारीं जाऊं शकलों.

मे महिन्यांत १९९९ ची 'सीक्रेट नेम' चालू होती. ती आणि एप्रिलांतली, दोन्ही स्टीव्ह अल्बिनी नांवाच्या नामांकित ध्वनिमुद्रकानें टिपलेल्या. माणसें खोलींत जशीं गातात तशींच तबकडीवर उतरावींत, आपली करामत मध्यें दिसूं नये, असा त्याचा बाणा. आम्ही ती तबकडी ऐकत असतांच, ७ मे २०२४ रोजीं, तोहि वारला. जुन्या तबकड्या ऐकण्याच्या नादीं लागलेल्या मनुष्यास हें एक नवें दुःख पत्करावें लागतें. ज्यांची ओळख नुकतीच झाली, त्यांच्या सुतकांत तो आधींच बसलेला असतो.

जूनमध्यें १९९६ ची तिसरी तबकडी आली. तींतलें एक गाणें चौदा मिनिटांहून लांब आहे. आमच्याकडील विलंबित ख्यालास सरावलेल्या कानांस चौदा मिनिटांचें काय कौतुक! पण हेंच गाणें १५ जून २०१३ रोजीं मिनिआपोलिस शहरांतील एका उघड्यावरच्या जलशांत त्यांनीं सुमारें सत्तावीस मिनिटें वाजविलें. आणि त्यांस मिळालेला सारा वेळ त्या एका गाण्यांतच संपविला. मनोरंजनासाठीं जमलेल्या श्रोत्यांत त्यावरून दोन तट पडले. कित्येकांस तो आपला अपमान वाटला, तर कित्येक तो अनुभव अद्याप विसरलेले नाहींत. आमच्या मतें दोघेहि खरेच होते. संथपणा ही कांहीं सर्वांस गोड लागणारी वस्तु नव्हे.

आणि शेवटीं, २०२४ च्या ऑगस्टांत, आम्ही १९९४ सालच्या पहिल्या तबकडीशीं येऊन पोंचलों. 'आय कुड लिव्ह इन होप' असें तिचें नांव. तींतल्या प्रत्येक गाण्याचें शीर्षक एकाच शब्दाचें. आणि वाजविणेंहि शीर्षकासारखेंच मोजकें. ते दिवस अमेरिकेंत आरडाओरड्याच्या संगीताचे होते. 'निर्वाणा' बँड तेव्हां घरोघरीं पोंचलेला होता. अशा वेळीं या मंडळींनीं उलटा मार्ग धरला. मिमिपुढें एक मोठा ढोल, एक लहान ढोल आणि एक झांज, एवढाच संसार. ती उभी राहून वाजवी, आणि बहुधा काठीऐवजीं तारेच्या कुंचल्यानें. एक ठोका पडला, कीं दुसरा पडेपर्यंत श्रोत्यास घराबाहेर जाऊन येण्यास सवड मिळावी! टीकाकारांनीं या प्रकारास 'स्लोकोर' असें नांव दिलें, तें त्यांस कधींच आवडलें नाहीं. सुरुवातीच्या दिवसांत श्रोते गप्पा मारूं लागले तर इतर बँड आवाज वाढवीत. हे कमी करीत. श्रोते मुकाट्यानें जवळ येत, नाहीं तर उठून जात. वर्गांत पोरें गलका करीत असतां आवाज खालीं आणणारे एक मास्तर आम्हांस होते, त्यांची येथें आठवण झाली. त्यांच्या तासाइतका शांत तास दुसरा नसे.

त्या पहिल्या तबकडीवर मिमि पार्कर सव्वीस वर्षांची आहे. गिटार कोवळी आहे, मुद्रण साधें आहे, पुढें येणाऱ्या वादळाची चाहूलहि नाहीं. पण ते दोन गळे तेच आहेत. शेजारशेजारच्या सुरांत, कोणी कोणाला न ओलांडतां. तेरा महिने आम्ही या मंडळींच्या घरांतील सामान बदलत असलेलें पाहात आलों. कधीं पियानो, कधीं गदारोळ, कधीं मोडतोड. नेहमीं बदलत राहणारीं माणसें अस्थिर, आणि न बदलणारीं तीं एकनिष्ठ, असा आमचा सर्वसाधारण समज असतो. येथें आम्हांस निराळेंच दिसलें. मधला एक धागा इतका पक्का होता, म्हणूनच भोंवतालचें सर्व कांहीं मोडून पाहाण्याचें धैर्य त्यांस झालें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. अंकाची वाट पाहाणाऱ्यास जें मिळतें, तें मागाहून येणाऱ्यास मिळत नाहीं, हें आम्हीं पुरतें पाहिलें. दोन तबकड्यांमधील दोनतीन वर्षें, त्या काळांतील स्वतःचीं लग्नें, नोकऱ्या, आजारपणें, आणि 'आतां हीं दोघें काय करतील?' ही हुरहूर, हें सारें जुन्या श्रोत्यांच्या ऐकण्यांत विरघळलेलें असतें. आम्हांस ती हुरहूर उसनी आणतां येत नाहीं; महिन्याचा नेम धरून तिचें एक लहानसें अनुकरण तेवढें करतां येतें. उलटपक्षीं, आम्हांस मिळालें तेंहि त्यांस मिळण्याजोगें नव्हतें. शेवट ठाऊक असल्यामुळें आम्हीं एकहि गाणें गृहीत धरलें नाहीं. पुढच्या वर्षीं आणखी येईलच, असें म्हणून कानाआड करण्याची चैन आम्हांस नव्हती. ज्याच्या घरीं भरलेली विहीर आहे, तो पाणी सांडतो. मोजून आणलेल्या तेरा घागरींचें पाणी सांडत नाहीं.

पहिली तबकडी संपली आणि आतां सारें ऐकून झालें असें आम्ही म्हणतों न म्हणतों, तोंच सप्टेंबर २०२४ मध्यें अॅलन स्पारहॉकचा स्वतःचा संग्रह निघाला. ज्या दिवशीं तो निघाला त्याच दिवशीं आम्हीं तो ऐकला. म्हणजे प्रथमच आम्ही मागाहून आलेले राहिलों नाहीं. त्यांत त्यानें आपला गळा यंत्रांतून इतका पालटून घेतला आहे, कीं तो ओळखूं येत नाहीं. शेजारचा सूर गेल्यावर स्वतःचा सूर ऐकणें त्यास असह्य झालें असावें, असा आम्हीं तर्क केला; सौभाग्यवती म्हणाल्या, "तर्क कसला करायचा त्यांत?" आणि आम्हीं, इतर सर्वांसारखेंच, त्याचें पुढें काय होणार याची काळजी करीत वाट पाहूं लागलों.

२०२५ सालीं त्याचा दुसरा संग्रह आला. डुलुथच्याच 'ट्रॅम्पल्ड बाय टर्टल्स' या मंडळींबरोबर केलेला. येथें त्याचा गळा पुन्हां मोकळा, ओळखीचा आहे. त्यांतील एका गाण्यांत त्यास साथ आहे ती त्याच्या मुलीची. जिला मोठें होऊं देऊं नये असें आईला वाटलें होतें, तिची. ती आईच्या जागीं उभी राहून गाते. शेजारच्या सुरांत, बापाला न ओलांडतां. सौभाग्यवतींनीं तें गाणें दोनदां ऐकलें, आणि मग रविवार नसतांहि परदेशीं फोन लावला.